दवात ठेवलेलं चिलखत

सांगोल्याहून निघताना शेजारच्या वहिनींनी विचारलं, "एवढं चपटं काय गुंडाळलंय? कॅरम का?"

"चिलखत," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या, आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. दोन वर्षं झाली, माझ्या कुठल्याच उत्तराचं त्यांना नवल वाटेनासं झालंय.

तुम्हाला मात्र नीट सांगायला हवं. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेली बाई. लोक निवृत्तीनंतर बाग करतात, नातवंडं खेळवतात. मी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक सैनिकांच्या अंगात काय होतं याच्या मागे लागले. त्यांची काशाची चिलखतं सापडतात, काचेच्या कपाटात मांडलेली असतात. पण त्यांच्यातले पुष्कळ जण कापडाचं चिलखत घालायचे, लिननचं. आपण जवसाची चटणी खातो ना, त्याच जवसाच्या देठातून जो धागा निघतो त्याचं कापड म्हणजे लिनन. आता कापड म्हटलं की ते कुजणार. त्यामुळे बघायला असं धड एकही चिलखत उरलेलं नाही. उरलीत ती मातीच्या भांड्यांवरची चित्रं आणि जुन्या ग्रंथांतल्या चार-दोन ओळी. मग ते कापडाचे थर एकावर एक चिकटवले होते, की गोधडीसारखे शिवले होते, की मुळात ते कातडंच होतं, यावर जाणती माणसं अजून भांडतात. मीही त्या भांडणात पदर खोचून उतरले.

माझी बाजू खळीची. आमच्या सांगोल्याकडे घोंगडी विणून झाली की तिला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवून वाटायचं, शिजवायचं. लहानपणी आमच्या गल्लीत हा वास कायम असायचा. खळ वाळली की नवी घोंगडी भिंतीला टेकून उभी राहायची. ग्रीक चित्रांत सैनिक चिलखत चढवताना दाखवलाय, त्याच्या खांद्यावरची पट्टी अजून बांधलेली नाही आणि ती ताठ वर उभी आहे. ती पट्टी बघितली आणि मला गल्लीतली घोंगडी आठवली. झालं! चौदा थर लिनन आणि मधे चिंचोक्याची खळ असं चिलखत मी घरच्या ओट्यावर केलं. तीन बिघडली, चौथं जमलं. टिचकी मारली तर फळीसारखा आवाज येतो. मग मासिकात लेख लिहिला, चार ठिकाणी बोलले, आणि नाशिकला एका परिषदेत निबंध वाचायचं बोलावणं आलं. त्रेसष्टाव्या वर्षी, पहिलंच. निबंधाचं नाव मी 'खळीचं चिलखत' असं ठेवलं आणि घरात तीनदा मोठ्यानं वाचून पाहिला.

आणि मग ते जोडकार्ड आलं. एक कार्ड आपल्याला, त्याला जोडलेलं दुसरं उत्तरासाठी कोरं, असली कार्डं हल्ली कुठं मिळतात देव जाणे. पाठवणारे गृहस्थ नाशिकचेच, वयानं माझ्याहून बरेच मोठे, आणि परिषदेत माझ्या निबंधाच्या वेळी अध्यक्ष तेच. मजकूर एका ओळीचा: "बाई, बाण मारून पाहिलात का?"

दोन दिवस मी चडफडले. कारण नव्हता मारला. बाण मारणारं माणूस सांगोल्यात आणायचं कुठून? स्पर्धेतली धनुष्यं मिळतात, पण त्यांना कप्प्या नि दोऱ्या, ती ग्रीकांच्या वेळची गोष्ट नव्हे. मला हवं होतं हातानं केलेलं धनुष्य आणि लोखंडी टोकाचा बाण. शेवटी माझी जुनी विद्यार्थिनी माधुरी कामाला आली. ती लग्न होऊन आसनगावला गेली, शहापूरला एका शाळेत शिकवते. फोनवर सहज बोलले तर म्हणाली, "मॅडम, आमच्या मामांकडे आहे की तीरकामठा! या तुम्ही."

परिषदेला अकरा दिवस उरले होते. बाण थांबला तर निबंध उभा. आरपार गेला तर दोन वर्षं पाण्यात, आणि ते सांगायचं कुणापुढे, तर त्या कार्डवाल्या गृहस्थांपुढे. कोरं कार्ड मी पर्समध्ये टाकलं. त्यावर काय लिहायचं ते ठरवूनच निघाले होते: "मारला. थांबला. नमस्कार."

आसनगाव

स्टेशनाबाहेर माधुरी स्कूटर घेऊन उभी. चिलखत माझ्या पाठीला बांधलं, कारण मधे धरलं तर तिला हँडल वळवता येईना. माहुलीचे सुळके समोर दिसत होते. आमच्याकडे जमीन एवढी सपाट की शेजारच्या गावातला बैल दिसतो. इथं मान वर करूनच बघायचं. रस्त्यावरची माणसं सुळक्यांकडे बघत नव्हती, माझ्या पाठीकडे बघत होती.

माधुरीच्या घरी तांदळाच्या भाकरी. मला वाटलं भाकरी ती भाकरी, जन्मभर ज्वारीच्या थापल्यात, त्यात काय एवढं. परात पुढे ओढली. माधुरीच्या सासूबाईंनी गरम पाण्यात काढलेल्या उकडीचा गोळा माझ्या हातात दिला. तो मी ज्वारीच्या हिशेबानं दाबून थापला, आणि उचलताना भाकरीचे तीन तुकडे झाले. सासूबाईंनी तुकडे गोळा केले, पुन्हा मळले, हात ओला केला आणि पापडासारखी पातळ भाकरी तव्यावर टाकली. "पान्याचा हात लागतो हिला," एवढंच म्हणाल्या. सोबत वालाच्या शेंगांची भाजी आणि सुकटीची चटणी. सुकटीचं मी आधी नको म्हटलं, मग दोनदा मागून घेतलं.

जेवल्यावर त्यांनी चिलखत हातात घेतलं, वर-खाली बघितलं. "माझा भाऊ मारील की नाय, मी सांगत नाय हां," त्या म्हणाल्या. "तो त्याच्या मनाचा आहे."

मी हसण्यावारी नेलं. एक बाण मारायला मन कशाला लागतंय, असं मला वाटलं होतं.

किन्हवलीच्या पुढे

शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवली लागते. तिथून पुढे आत कुठंतरी मामांचं गाव. नाव लिहीत नाही, कारण मामींनी बजावलंय, "लोकं येतील तीरकामठा बघाया, चहा करून मी मरन." भात कापून, झोडून झालेलं. रिकाम्या खाचरांत वाल पसरलेला, बांधांवर पेंढ्याच्या गंज्या. सकाळी नऊ वाजलेले आणि गवत अजून ओलं. माझ्या चपला, पायमोजे, साडीचा काठ, सगळं चिंब. आमच्याकडे दवाची एवढी चैन नसते. मी कौतुकानं काठ पिळत चालले होते. तेव्हाच डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण नाही पडला.

मामा, म्हणजे बाळाराममामा, वालाच्या शेतात होते. घरी चंद्रामामी. पन्नाशी ओलांडलेली बारीक, चपळ बाई. मी चिलखत ओटीवर मांडलं. छातीभोवती गुंडाळायचा मोठा तुकडा, डाव्या बाजूला बांधायचे बंद, कमरेखाली सुट्या पट्ट्या, आणि मागून पुढे येणारे दोन खांदे, ते छातीवर दोरीनं बांधायचे. मामींनी एकेक वस्तू विचारून घेतली. मग जास्तीचं लिनन दिसलं, तेही उचललं. दोन बोटांत चोळलं, नाकाला लावलं.

"बाय, हे कोरं हाय."

"हो, नवंच आहे."

"धुतलं नाय? ह्यात गिरनीची कांजी हाय. कांजीवर खळ लावलीत व्हय तुमी?"

मी माधुरीकडे बघितलं. माधुरी अंगणातल्या कोंबड्या मोजायला लागली. दोन वर्षं, चार चिलखतं, आणि कापड आधी धुवावं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! सांगोल्याच्या पोरीनं विणकराच्या गल्लीत वाढून एवढं तरी शिकायला हवं होतं.

मामी लिनन घेऊन सरळ ओढ्यावर. दगडावर असं बडवलं की माझ्याच पाठीत कळ आली. वाळत टाकलं, दुपारपर्यंत ते इतकं मऊ पडलं की ओळखू येईना. "गोदडीला आमी कोरं कापड घालीतच नाय," त्या म्हणाल्या. "जुनं लुगडं पायजे. धुऊन धुऊन त्याचं आकसायचं ते सगलं आकसून झालेलं. कोरं मागनं आकसतं, मग टाका तोंड वासतो."

मी वही काढून लिहून घेतलं. मग विचारलं, चौदा थर घालून हातभर तुकडा शिवाल का, गंमत म्हणून? खरंच गंमत म्हणूनच विचारलं होतं. शिवणारे हरणार आहेत याची मला खात्री होती. पण हरताना दिसायला तरी हवेत की नाही?

मामी म्हणाल्या, "चौदा पदर? दाभन लागंल," आणि आत गेल्या दाभण शोधायला.

तेवढ्यात मामा आले. उंच, कमी बोलणारे. तीरकामठा ओटीच्या आढ्याला अडकवलेला होता, तो खाली काढला. बांबूचं धनुष्य, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. डुकरं नि माकडं वालात शिरतात, त्यांना भिववायला बोथट बाण आहेत. लोखंडी टोकाचे बाण दोनच, वडलांच्या हातचे. दसऱ्याला पूजेत निघतात, पुन्हा वर जातात. मी सांगितलं तसं मामांनी ऐकून घेतलं. पेंढ्याचा भारा उभा केला. मी त्यावर चिलखत चढवलं, बंद बांधले, खांदे पुढे आणून गाठ मारली. मस्त दिसत होतं, छाती काढून उभं. मी पंधरा पावलं मोजली.

मामांनी धनुष्य उचललं. बघितलं. खाली ठेवलं.

"मी नाय मारनार."

"का हो?"

"खांदे हायेत त्याला."

मला कळेना. मी समजावू लागले, आत पेंढा आहे, कुणी नाही, शास्त्रासाठी करायचंय. मामा शांतपणे विडी पेटवायला बसले. शेवटी माधुरीनं उलगडून सांगितलं. यांच्या घरात नियम आहे. केळीच्या खुंटावर मारायचा, भोपळ्यावर मारायचा, माणसाच्या आकारावर नाही. लहानपणी मामांनी एकदा शेतातल्या बुजगावण्यावर बाण सोडला होता. वडलांनी पाठ सोलून काढली, आणि दसऱ्यापर्यंत धनुष्याला हात लावू दिला नाही.

"बुजगावण्यावर?" मी म्हटलं. "मामा, अहो, ते काय खरं माणूस आहे?"

"हाताला काय म्हाईत खरं का खोटं?" मामा म्हणाले. "हात शिकतो तो शिकतो."

खरं सांगते, मला आधी चीड आली. चारशे किलोमीटर चिलखत पाठीवर मारून आणलं आणि इथं माणूस विडी ओढत बसलाय! मग जरा लाज वाटली. मी ज्या माणसांच्या मागे दोन वर्षं लागले होते, त्यांचा सगळा सराव माणसाच्या छातीवर मारायचा. त्या छातीला काय वाटत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता, कपड्याचाच केला होता.

"मग कसं करायचं?" मी विचारलं.

मामांनी मान तिरकी करून भाऱ्याकडे बघितलं. "खांदे सोडा. खांदे सोडले की ते मानूस नाय. नुसतं कापड."

मी खांद्यांची गाठ सोडली. मागची शिवण उसवून दोन्ही खांदे वेगळे केले, तुकडे पिशवीत ठेवले. छातीचा भाग उलगडून सतरंजीसारखा भाऱ्यावर आडवा बांधला. मामा उठले, विडी विझवली, बाणाला हात जोडले. आणि सोडला.

फट्ट! बाण आपटून खाली पडला. दुसरा टोकावर रुतला, लोंबकळला. पहिला उचलून पुन्हा मारला, तोही तसाच. मी धावत जाऊन उलटी बाजू बघितली. आतला थर शाबूत! एकही भोक नाही! मी अंगणात टाळ्या पिटल्या, माधुरीला मिठी मारली, कोंबड्या उधळल्या. मामासुद्धा हसले. "बाय, जिकलात तुमी," म्हणाले. मी पर्समधून कार्ड काढलं, पेन काढलं. "मारला" एवढं लिहूनही झालं.

चंद्रामामी ओटीवर बसून टाके घालत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाय, ते लडाईला जायाचे तवा झोपायचे कुठं?"

"रानातच. चालत जायचे, दिवसचे दिवस."

"मग दव पडायचं की त्यांच्यावर."

मी पेन थांबवलं.

"आनि घाम?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "खळ ती खळच ना? पान्यात शिजवलेली. पान्यानं सुटंल नाय?"

"ते रात्री तंबूत ठेवत असतील," मी म्हटलं.

"तुमी बघितलंत?"

"नाही."

"मग ठेवा की बाहेर एक रात."

सकाळी साडीचा काठ पिळताना डोक्यात यायला हवं होतं ते हे. मला खूप राग आला. मामींचा नाही, माझाच. आणि लपवत नाही, पहिला विचार आला तो निघून जायचा. कोरडं चिलखत, तीन बाण, तिन्ही थांबले. यात खोटं काय आहे? नाशिकला कोण विचारणार होतं की दवाचं काय? तो कार्डवाला म्हातारासुद्धा "बाण मारलात का" एवढंच विचारत होता. पाचची एसटी मिळाली असती. माधुरी माझ्याकडे बघत होती. ही पोर माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि मी तिला सांगायचे, पुरावा आपल्या बाजूचा निघाला की दुप्पट तपासायचा. कशाला सांगत होते कोण जाणे.

दिवस मावळताना चिलखत मी माझ्या हातानं गंजीवर पसरलं. टाके घातलेला मामींचा अर्धा तुकडा शेजारी ठेवायला मागितला, तर नाही म्हणाल्या. "पुरा नाय झाला. उद्या बादलीतच बुडवू त्याला, मग तर झालं?"

दुसरा दिवस

सकाळी हाक आली ती मामांची. "ओ बाय! तुमचं चिलखत वासरू खातंय!"

मी तशीच धावले. मामांचं तांबडं वासरू दावं तोडून गंजीपाशी उभं, आणि चिलखताच्या खालच्या चार पट्ट्या त्याच्या तोंडात! चिंचोक्याची खळ त्याला गोड लागली असणार. मी एका बाजूनं ओढतेय, ते दुसऱ्या बाजूनं. त्यानं पट्ट्या ठेवून घेतल्या आणि माझ्याकडे दिलं ते उरलेलं. अडीच हजार वर्षांपूर्वी असं कुणाच्या पथकात झालं असेल का, हे लिहायचं म्हणून मी लगेच मनात नोंदवलं. मग हातातलं चिलखत जाणवलं आणि विसरले.

ते मऊ पडलं होतं. फळीसारखं वाजणारं माझं चिलखत हातावरून लोंबत होतं, भिजलेल्या पापडासारखं. थर कडेला सुटले होते, बोट घालावं तिथं बोट जात होतं.

मामांनी विचारलं, मारायचा का. मी म्हटलं मारा.

आवाजसुद्धा झाला नाही. बाण चौदा थरांतून गेला, पेंढ्यात शिरला, चार बोटं. मामांनी मागून हात घालून टोक दाखवलं. ते दाखवताना माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. मी तिथंच बांधावर बसले. डोळ्यात पाणी आलं, हे सांगायला हवं. कापडासाठी नव्हे. दोन वर्षं किती ठामपणे बोलले होते ते एकेक आठवायला लागलं म्हणून.

मामी आल्या, शेजारी उकिडव्या बसल्या. हातात तुकडा. एक बाजू अजून उघडी होती. कमरेच्या पिशवीतून त्यांनी चिमूटभर तांदूळ काढले, सात पदर उचलले, मधे तांदूळ टाकले, आणि मग तोंड शिवायला घेतलं.

"हे काय?" मी नाक पुसत विचारलं.

"उपाशी नाय ठेवायची गोदडी. माजी आय टाकायची." दाभण त्यांनी तळव्यानं रेटलं. "पोट भरलेलं असलं की आतलं मानूस राखते."

शेवटची गाठ मारून त्यांनी तुकडा एका कडेला धरून उभा केला. चौदा पदरांतून बोटभर अंतरानं ओळीवर ओळ टाके, तेही दाभणाचे. तुकडा ताठ उभा राहिला. त्या ग्रीक चित्रातल्या खांद्याच्या पट्टीसारखा, अगदी तसाच. मी बघतच बसले. ज्या ताठपणावर माझं सगळं घर उभं होतं, तो खळीशिवायही येत होता.

मामींनी तुकडा बादलीत बुडवला, वर काढला, हलकेच पिळला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, मारा आता."

पंधरा पावलं. धप्प असा आवाज आला. बाण रुतला, हलेना. मामांनी तो पिरगाळून काढला आणि तुकडा माझ्याकडे दिला. मागे काही नाही. मी हातानं चाचपून तीन-तीनदा खात्री केली. दुसरा बाण, तेच. पहिला पुन्हा मारला, तेच. मग मामींनी एका बाजूचे टाके उसवून आत बघितलं. पहिल्या बाणाच्या भोकाखाली तांदळाचा एक दाणा दुभंगला होता. त्याच्या पलीकडचे पदर शाबूत होते.

"तांदलापर्यंत आला," मामी म्हणाल्या. "पोटापर्यंत नाय."

मी वही उघडली. आता एका हातभर तुकड्यावर आणि तीन बाणांवर ग्रीकांचा सगळा इतिहास ठरत नाही, एवढं मलाही कळतं. ते मेण लावत असतील, तेल लावत असतील, आणखी काही करत असतील. पण माझी खळ दवात टिकत नाही हे माझ्या डोळ्यांनी दिसलं होतं, आणि टाका टिकतो हेही. मी मामींना दाभण किती जाड, दोरा कसला, टाका कुठून सुरू करता, सगळं विचारत सुटले. रडू कधी थांबलं ते कळलं नाही. शंभर प्रश्न झाल्यावर त्या वैतागल्या. "बाय, माज्या तोंडानं सांगू का हातानं?"

"नाशिकला हातानं सांगाल?" मी विचारलं. माझ्या तोंडातून ते असंच निघून गेलं.

मामी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "जा की. मी जेवीन माधुरीकडं."

निघताना चिलखताची गुंडाळी करायला घेतली तर मामींनी हातातून ओढून घेतली. पिशवीतले खांदे मागितले. ते पिशवीत कोरडे राहिले होते, अजून फळीसारखे वाजत होते. मऊ पडलेल्या, वासरानं खाल्लेल्या त्या चिलखताला त्यांनी मोठाल्या टाक्यांनी दोन्ही खांदे परत लावले, पुढे आणून गाठ मारली.

"आता कशाला?" मी म्हटलं.

"बान मारून झाला ना? आता कोनी मारनार नाय त्याला. खांदे नकोत?"

शहापूर

परतताना शहापूरला टपालपेटीजवळ माधुरीला स्कूटर थांबवायला लावली. कार्ड काढलं. त्यावर कालचं "मारला" तसंच होतं. ते खोडायची गरज नव्हती. पुढे लिहिलं: "कोरडं असताना थांबला. दव पडल्यावर आरपार गेला. खळ चुकली. मी दोन वर्षं चुकीचं सांगत होते, निबंधाची सुरुवात याच वाक्यानं करेन. टाका टिकला. टाका घालणाऱ्या चंद्राबाई सोबत येत आहेत, त्यांच्यासाठी पुढची खुर्ची ठेवा आणि बाकीचं त्यांना विचारा. नमस्कार."

अक्षर शेवटी शेवटी मुंगीएवढं झालं, पण मावलं. दोनदा वाचलं. माधुरी म्हणाली, "मॅडम, घरी जाऊन नीट विचार करून टाकायचं का?" मी म्हटलं, घरी गेले की नाही टाकणार. आणि पेटीत सोडलं.

टप्प असा आवाज आला. मी पेटीच्या तोंडात हात घालून बघितला. चार बोटं जातात, त्यापुढे जात नाहीत.